घरी ठेवलेली सायकल चोरीला जाऊ नये म्हणून: नवीन सायकलवाल्यांसाठी

नवीन सायकल आली की पहिले काही दिवस ती हॉलमध्ये असते, मग घरचे वैतागतात, मग ती बाहेर पॅसेजमध्ये जाते, तिथे सेक्रेटरीची चिठ्ठी लागली की खाली पार्किंगमध्ये, आणि पावसाळा लागला की कोणी तिकडे फिरकतच नाही. गणपतीच्या सुमारास कोणाला तरी सायकल आठवते आणि खाली जाऊन बघावं तर फक्त जागा आहे. पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नाशिक, जिथे म्हणून सोसायट्या आहेत तिथे हेच ऐकायला मिळतं. बाहेर मार्केटात दोन मिनिटं लावायची तरी आपण मागे वळून वळून बघतो, पण घरी आणली की "वॉचमन आहे की" म्हणून सोडून देतो. म्हणून इथे फक्त घरातल्या, बिल्डिंगखालच्या, कंपाउंडमधल्या सायकलबद्दलच लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. घरून सायकल जाते तेव्हा कुलूप तोडायच्या भानगडीत चोर शक्यतो पडत नाही. तो सायकल उचलतो. गिअरवाली सायकल साधारण १२ ते १५ किलोची, मागच्या चाकाला रिंग लॉक असलं तरी मागची बाजू उचलून पुढच्या चाकावर ढकलत नेता येते, नाहीतर सरळ खांद्यावर घेऊन चालू पडायचं, आणि रात्री अडीचला सायकल खांद्यावर घेतलेल्या माणसाला कोणी विचारलंच तर "पंक्चर आहे" एवढं पुरतं. म्हणजे तुम्ही सायकलला कितीही भारी कुलूप लावा, ती दुसऱ्या कशाला बांधलेली नसेल तर कुलपासकट जाते. पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

१) आधी फ्रेम नंबर, फोटो आणि बिल

हे काम फुकट आहे आणि तरी कोणी करत नाही. गाडीला नंबर प्लेट असते, आरसी बुक असतं, सायकलला काहीच नाही, त्यामुळे "ही माझीच" हे सिद्ध करायला तुमच्याकडे फ्रेम नंबर सोडून दुसरं ठोस काही नसतं. सायकल उलटी करा, सीट आणि हँडलवर उभी, खाली गोणपाट टाका म्हणजे ग्रिपला ओरखडे येत नाहीत. दोन्ही पायडलचे दांडे ज्या आडव्या नळीतून जातात तिच्या पोटावर बहुतेक सायकलींचा नंबर ठोकलेला असतो, काहींचा सीटच्या नळीवर नाहीतर पुढे हँडलखाली असतो. तिथे वर्षभराचा चिखल आणि ग्रीस साचलेलं असतं, जुन्या टूथब्रशने थोडं रॉकेल लावून घासा. वरून रंग बसला असेल तर आकडे वाचता येत नाहीत, ३ आहे का ८ कळत नाही, मग मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरका मारा, आकड्यांच्या सावल्या पडतात आणि वाचता येतं. तरी नाही जमलं तर वर पातळ कागद धरून पेन्सिल घासा, नंबर कागदावर उठतो. स्टिकरवर छापलेला नंबर धरू नका, तो नखाने निघतो.

मग फोटो: नंबरचा जवळून, सायकलचा दोन्ही बाजूंनी पूर्ण, आणि तुमच्या सायकलचीच म्हणून जी खूण असेल, घासलेला रंग, बदललेली सीट, वाकलेलं मडगार्ड, तिचा जवळून. एका फोटोत तुम्ही स्वतः सायकलसोबत असा. बिलाचा फोटो काढून सगळं स्वतःलाच मेल करून टाका, कारण दुकानाच्या बिलाची शाई वर्षा-दीड वर्षात उडते आणि कोरा कागद हातात राहतो. सेकंडहँड घेतली असेल तर विकणाऱ्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या, त्यात फ्रेम नंबर आणि किंमत दोन्ही पाहिजे.

अजून एक, सीट वर-खाली करतो ती नळी बाहेर काढली की आत पोकळ जागा असते. नाव आणि मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिथे टाकून द्या. चोर रंग मारेल, स्टिकर काढेल, पण नळीच्या आत बघायचं कोणाच्या मनात येत नाही. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर खाली कुठेतरी नंबर कोरून घेतला तरी चालतो, कार्बनच्या फ्रेमवर मात्र काहीही कोरू नका, फ्रेम कमजोर होते.

२) ठेवायची कुठे

घरात जागा असेल तर घरातच, यावर वाद नको. भिंतीला हुक मारून उभी टांगली तर ती कपाटाच्या बाजूच्या फटीतसुद्धा बसते. फक्त भिंत कसली आहे ते बघा, नवीन बिल्डिंगमध्ये आतल्या भिंती हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या असतात, त्यात साधा प्लास्टिकचा गिट्टा आणि स्क्रू सायकलच्या वजनाला धरत नाही, त्या ब्लॉकसाठी वेगळे गिट्टे मिळतात ते मागा.

बाल्कनी पहिल्या मजल्यापर्यंतची असेल तर तिला घर समजू नका, कंपाउंडच्या भिंतीवरून किंवा खालच्या दुकानाच्या पत्र्यावरून माणूस आरामात येतो. तिथे ग्रिल असलं तरी सायकल ग्रिलला बांधायची.

पॅसेज आणि जिना याबद्दल स्पष्टच सांगतो, तिथे ठेवू नका. सोसायटीवाले कटकटे असतात ते मान्य, पण या मुद्द्यावर ते बरोबर आहेत. आग लागली, धूर झाला की अंधारात लोक त्याच जिन्यावरून उतरणार आणि तिथे तुमचं हँडल आडवं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ असा कायदाच आहे आपल्याकडे, आणि सुटकेचे मार्ग मोकळे ठेवणं त्यात येतं. शिवाय जिन्याखालची ती अंधारी तिकोनी जागा चोराच्या दृष्टीने सगळ्यात सोयीची, तिथे तो बसून निवांत काम करू शकतो.

पार्किंगमध्ये ठेवायचीच झाली तर गेटपासून लांब, पण लिफ्टच्या किंवा जिन्याच्या तोंडाशी, जिथून रोज लोक जातात अशी जागा बघा. कोपऱ्यात, जुन्या गाद्या आणि बंद पडलेल्या बाइकच्या मागे ठेवली की आपल्याला वाटतं लपली, उलट चोर तिथे लपतो. रस्त्यावरून थेट दिसणारी जागाही नको. गच्चीचा पर्याय पुष्कळ लोक सांगतात, माझं मत विचाराल तर नको, ऊन-पावसाने टायर आणि केबल्यांची वाट लागते आणि गच्चीचं दार कोण उघडं टाकून गेलं हे कधीच कळत नाही.

बंगला किंवा गावाकडचं घर असेल तर पडवीत, पोर्चमध्ये ठेवतात. खांबाला साखळी घालण्याआधी वर नजर टाका, खांब वरून मोकळा असेल तर साखळी अख्खी उचलून वरून काढता येते.

३) कुलूप

नवीन सायकलसोबत दुकानदार रंगीत केबल लॉक हातात देतो, कधी फुकट, कधी दोन-तीनशेला. ते दिसायला बोटभर जाड असतं, पण वरचं प्लास्टिक सोललं तर आत बारीक तारांचा पीळ निघतो आणि चांगल्या कटरने तो काही सेकंदांत तुटतो. दूध आणायला गेलात तर ठीक, रात्रभरासाठी नाही. त्यातलं नंबरवालं तर अजून गमतीचं. तीन आकडी असेल तर सगळे मिळून १,०००च नंबर होतात, पण तेवढंही करायला लागत नाही कारण आपण आळशी, लावताना फक्त शेवटचं चाक एक-दोन घरं फिरवतो, चोराने तेवढंच उलटं फिरवलं की उघडलं. नंबर लॉक वापरतच असाल तर सगळी चाकं फिरवायची सवय लावा.

गोल नळीसारखी किल्ली असलेली जुनी कुलपं कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. २००४ मध्ये अमेरिकेत क्रिप्टोनाइट या नावाजलेल्या कंपनीची तसली कुलपं बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीने उघडतात हे जगजाहीर झालं होतं आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली होती. महागडं ब्रँड होतं ते, आपल्याकडच्या बिननावाच्या मालाचं काय सांगावं.

मग घ्यायचं काय? घरच्या वापरासाठी वजनाचा प्रश्नच नसतो, कारण हे कुलूप तुम्हाला कुठे न्यायचं नाही, ते जागेवरच पडून राहणार. म्हणून घरासाठी वेगळं, जड, कुरूप असं घ्या आणि बाहेरचं हलकं वेगळं ठेवा. यू-लॉक (इंग्रजी यू आकाराच्या जाड दांडीचं कुलूप) किंवा जाड साखळी, दोन्ही चालतात. किती खर्च करायचा याचा ढोबळ हिशोब सायकलच्या किमतीच्या १० टक्के, म्हणजे २०,०००च्या सायकलला २,०००.

हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळते ती साखळी घ्यायची का, हा प्रश्न नवीन माणूस हमखास विचारतो. जाड दिसते पण ती बहुतेक वेळा साध्या लोखंडाची असते, मोठ्या बोल्ट कटरने तुटते. साखळी कडक केलेल्या स्टीलची आहे का हे ओळखायची सोपी रीत आहे, दुकानदाराकडे कानस मागा आणि एका कडीच्या कडेला दोन-तीनदा घासा. साधं लोखंड असेल तर कानस चावते, चकचकीत ओरखडा पडतो आणि बोटाला लोखंडाचा भुगा लागतो. कडक स्टील असेल तर कानस वरून सटकते, आवाजही वेगळा येतो, काचेवर घासल्यासारखा. दुकानदार थोडा तोंड वाकडं करेल, करू दे. साखळी घेतली की तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब चढवा, पंक्चरवाला अशीच देतो, व्हॉल्व्हचा भाग कापून टाकायचा आणि आतून थोडी टाल्कम पावडर मारली की साखळी सरकन आत जाते. फ्रेमचा रंग वाचतो.

साखळीला कुलूप लावायचं तर ते साखळीच्या तोडीचं पाहिजे. एवढी जाड साखळी आणि तिला सूटकेसचं पितळी कुलूप असं मी पाहिलंय. दुकानाच्या शटरला लावतात ती गोल चपटी कुलपं मिळतात, त्यांची दांडी बाहेर फारशी दिसतच नाही, कटरचं तोंड बसत नाही. ती घ्या.

आणि बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढे काय? काहीच टिकत नाही, खरं सांगायचं तर. पण ग्राइंडर किंचाळतो, ठिणग्या उडतात, मध्यरात्री अख्खी विंग जागी होते. जाड साखळीचा उपयोग हाच, की शांतपणे करायचे मार्ग बंद होतात आणि आवाज करायचा एकच उरतो.

पावसाळ्याआधी कुलपात मशीनचं तेल दोन थेंब, किंवा ग्रॅफाइट पावडर. खोबरेल तेल घालू नका, हिवाळ्यात थिजतं, धूळ धरतं, मग किल्ली आत तुटते आणि आपल्याच सायकलसाठी ग्राइंडरवाला बोलवावा लागतो.

४) बांधायची कशाला, कशी

पार्किंगमध्ये नजर फिरवा. पाण्याचे, ड्रेनेजचे पीव्हीसी पाइप बाद, लाथ मारली तरी तुटतात. पिवळा गॅसचा पाइप असेल तर त्याला हात पण लावू नका, आणि फायरच्या लाल पाइपलाही नाही, चोराने ओढाताण केली तर सायकलपेक्षा मोठं प्रकरण होऊन बसेल. चालतं काय तर भिंतीत पक्कं बसवलेलं जाड ग्रिल, जिन्याचं लोखंडी रेलिंग (वेल्ड केलेलं, नटबोल्टवालं नाही), कंपाउंडच्या भिंतीतला अँगल.

काहीच नसेल तर कडी बसवून घ्या. एरियातल्या फॅब्रिकेशनवाल्याला सांगा, १२ मिमीची सळई यू आकारात वाकवून लोखंडी प्लेटवर वेल्ड करायची, प्लेटला चार भोकं, आणि जमिनीत किंवा भिंतीत अँकर फास्टनरने बसवायची. बसवून झालं की नटांवर वेल्डिंगचा एकेक ठिपका मारून घ्या, नाहीतर चोर पाना लावून चार नट उघडतो आणि कडीसकट नेतो. हा ठिपका फॅब्रिकेशनवाले विसरतात, समोर उभं राहून करून घ्या. जमीन सिमेंट काँक्रिटची पाहिजे, पेव्हर ब्लॉकमध्ये काही धरत नाही, ब्लॉकच उपटून येतो. कॉलममध्ये ड्रिल मारू नका आणि पोडियम (पार्किंगच्या डोक्यावरचा मोकळा स्लॅब) किंवा गच्चीच्या स्लॅबवर तर बिलकुल नाही, वॉटरप्रूफिंग फुटलं आणि खाली गळायला लागलं की पुढची दहा वर्षं प्रत्येक मीटिंगमध्ये तुमचं नाव निघणार. कमिटीकडून आधी लेखी परवानगी घ्या. जमलं तर पाच-सहा सायकलवाले मिळून अर्ज द्या, सगळ्यांसाठी एक लांब रेलिंग बसवून घ्या, खर्च वाटला जातो आणि एकट्याला नाही म्हणणारी कमिटी सहा जणांना पटकन नाही म्हणत नाही.

बांधताना साखळी मागच्या चाकातून आणि फ्रेममधून, दोन्हीतून जाऊन मग कडीत गेली पाहिजे. फक्त पुढच्या चाकातून घातली तर सकाळी फक्त पुढचं चाक शिल्लक राहतं. साखळी जमिनीवर लोळू देऊ नका, जमिनीचा टेकू मिळाला की कटरचा एक दांडा खाली ठेवून दुसऱ्यावर अख्खं वजन टाकता येतं. शक्य तेवढी वर आणि ताणून, कुलपाचं भोक खालच्या बाजूला, पाणीही जात नाही.

घरात दोन-तीन सायकली असतील तर एकमेकींना उलट्या तोंडाने जोडून बांधा, एकीचं हँडल दुसरीच्या सीटकडे. आणि पोरांच्या सायकली विसरू नका. त्यांना कुलूप कोणी लावतच नाही, रात्री गार्डनमध्ये नाहीतर लिफ्टपाशी आडव्या पडलेल्या असतात.

५) सुटे भाग

चाकाला आणि सीटला हाताने उघडायची खटकी असेल, ज्याला क्विक रिलीज म्हणतात, तर घरी उभ्या सायकलला तिचा उपयोग चोरालाच जास्त. सायकलच्या दुकानात अ‍ॅलन कीने उघडणारे बोल्ट मिळतात, बदलून टाका. लाइट, मीटर, पंप, बॉटल रोज वर न्यायचे. इलेक्ट्रिक सायकल असेल तर बॅटरी काढून घरात, ती एकटीच सायकलच्या किमतीचा मोठा भाग असते.

६) कॅमेरा आणि वॉचमन

सोसायटीत कॅमेरा आहे एवढ्यावर जाऊ नका, एकदा सेक्रेटरीला विनंती करून तुमच्या जागेचं रात्रीचं रेकॉर्डिंग प्रत्यक्ष बघा. निम्म्या ठिकाणी कॅमेरा छताला इतका वर असतो की फक्त टोप्या आणि टकलं दिसतात, नाहीतर समोरच्या ट्यूबलाइटने सगळं पांढरं. गेटवर चेहऱ्याच्या उंचीला एक कॅमेरा बाकीच्या चारांपेक्षा जास्त कामाचा. रेकॉर्डिंग किती दिवस राहतं तेही विचारा, डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं, आणि तुम्ही सायकल महिन्यातून एकदा बघत असाल तर चोरी कळेपर्यंत फुटेज गेलेलं असतं. म्हणून सायकल चालवत नसाल तरी दर दोन-तीन दिवसांनी जाताजाता नजर टाका. सेन्सरवाला एलईडी दिवा पार्किंगच्या त्या टोकाला लावून घेतला तर उत्तम, स्वस्तात होतं.

वॉचमनकाकांना सायकल एकदा नीट दाखवा, "ही आमची, मी किंवा माझी मुलगी सोडून कोणी नेताना दिसलं तर फोन करा" असं सांगून नंबर देऊन ठेवा. ते अठरा विंगांच्या सायकली ओळखू शकत नाहीत, पण सांगितलेली एक लक्षात ठेवतात. दिवाळीला त्यांना विसरू नका, हे वेगळं सांगायला नको.

७) टॅग, अ‍ॅप आणि शायनिंग

एअरटॅग (वस्तू कुठे आहे ते फोनवर दाखवणारं अ‍ॅपलचं बटणाएवढं यंत्र) किंवा अँड्रॉइडवर चालणारे तसले टॅग सायकलवर लपवता येतात, सीटखाली, बॉटल स्टँडच्या मागे, रिफ्लेक्टरच्या आत. चोरी त्याने थांबत नाही, शोधायला मदत होते. आजूबाजूने जाणाऱ्या फोनवरून त्याचा पत्ता कळतो, त्यामुळे शहरात बरा चालतो, माळरानावर नाही. आणि अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरतोय अशी सूचना चोराच्या फोनवरही येऊ शकते, तेव्हा फार भरवसा नको. लोकेशन दिसलं तर एकटे तिथे जाऊ नका, पोलिसांना घेऊन जा.

स्ट्राव्हा (राइडची नोंद ठेवून ती इतरांना दाखवणारं अ‍ॅप) वापरत असाल तर सेटिंगमध्ये जाऊन घराजवळचा भाग लपवा, तशी सोय आहे त्यात. नाहीतर रोजची राइड तुमच्या गेटपासून सुरू होऊन गेटपाशी संपते, सोबत सायकलचं मॉडेल आणि चकाचक फोटो, म्हणजे पत्ता आणि माल दोन्ही आपणच जाहीर केलं. गावाला जाताना "पंधरा दिवस कोकण" वगैरे स्टेटस परत आल्यावर टाका. आणि मे महिन्यात किंवा दिवाळीत घर बंद करून जाणार असाल तर तेवढ्यापुरती सायकल हॉलमध्ये घ्या, घरात कोणी नाहीच तर वैतागणार कोण.

किल्ल्या दाराजवळच्या हुकाला सगळ्यांना दिसतील अशा लटकवू नका, चपलांच्या रॅकमध्ये तर नाहीच. डुप्लिकेट किल्ली दुसऱ्या घरी, बहिणीकडे, मित्राकडे.

८) गेलीच तर

जागेला हात न लावता फोटो काढा, तुटलेलं कुलूप उचलू नका. लगेच सेक्रेटरीला सांगून फुटेज कॉपी करून घ्या, "उद्या बघू" म्हणाले तर तिथेच बसा. मग चौकीत. चोर समोर असेल किंवा आत्ता पळतोय असं असेल तर ११२.

तक्रार देताना काही गोष्टी माहीत असू द्या. ऑनलाइन "हरवलं-सापडलं" मध्ये नोंद करणं म्हणजे चोरीची एफआयआर नव्हे, सायकल पाकिटासारखी पडत नाही, ती चोरीला गेलीये असंच लिहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात साधी चोरी कलम ३०३ मध्ये येते आणि राहत्या इमारतीतली चोरी ३०५ मध्ये, तिला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यामुळे सायकल कुठून गेली हे तक्रारीत नीट लिहा: बिल्डिंगच्या आतून, घरातून, बाल्कनीतून. साध्या चोरीत मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र धरला जातो, मग एफआयआर न होता फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते, म्हणून किमतीसाठी बिल सोबत न्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. तक्रार घेतच नसतील तर वरिष्ठ अधिकाऱ्यांना लेखी पाठवता येते.

घराची विमा पॉलिसी असेल तर काढून वाचा, हाउसहोल्डर प्रकारच्या पॉलिसीत पेडल सायकलचा वेगळा भाग असू शकतो, पण तो घेतलेला असावा लागतो, एजंटला आजच विचारून ठेवा.

ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस यावर पुढचे काही आठवडे नजर ठेवा, तुमचं मॉडेल टाकून रोज शोधा. सापडली तर विकणाऱ्याशी भांडत बसू नका, स्क्रीनशॉट काढा आणि तपास करणाऱ्या हवालदारांना पाठवा. पोलिसांना सायकल मिळाली तरी ती लगेच हातात येत नाही, मुद्देमाल म्हणून जमा होते आणि कोर्टात अर्ज करून सोडवावी लागते. त्या अर्जाला एफआयआरची प्रत, बिल आणि तो फ्रेम नंबरचा फोटो जोडायचा.